नाते : मित्र

मराठीत ह्या नात्याला शब्दच नाही, हे विधान आमच्या साहित्यवर्तुळांत फार दिवसांपासून मुक्काम ठोकून आहे. एक पुरुष दुसऱ्या पुरुषावर प्रेम करतो, त्याच्यासह संसार मांडतो. त्या दुसऱ्याला त्याने काय म्हणावे? शब्द नाही, सबब वस्तूच परकी, असा निष्कर्ष एक पक्ष काढतो. दुसरा पक्ष उदार. तो ‘पार्टनर’ हा शब्द पुढे करतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात.

‘पार्टनर’चेच पाहू. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तो रूढ झाला तो रूमपार्टनर होऊन. कळंब-परंड्याची मुले लातुरास, पुण्यास शिकायला गेली, खोलीचे भाडे वाटून घेऊ लागली आणि सुट्टीत हा शब्द घरी घेऊन आली. व. पु. काळे यांच्या ‘पार्टनर’ कादंबरीतला पार्टनर हाही नायकाचा मित्रच. पुढे बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी तरुणाच्या कहाणीला तेच नाव दिले, तेव्हा शब्दावर नवा अर्थ चढला खरा. पण तुळजापूरच्या बसस्थानकावर ‘हा माझा पार्टनर’ म्हटले, तर ऐकणारा आजही भाड्याचा हिशेबच समजतो. इंग्रजीत ह्या शब्दाची एक सोय अशी, की जोडीदार बाई की बुवा हे झाकून ठेवता येते. मराठीत पुढच्याच क्रियापदाशी तो पडदा फाटतो. पार्टनर ‘आला’ की ‘आली’? आमचे व्याकरण कुणालाही लपू देत नाही.

मग उरतो ‘मित्र’. मुंबईत 1990 साली निघालेल्या नियतकालिकाने नाव घेतले ‘बॉम्बे दोस्त’. 1994 साली उभी राहिलेली संस्था झाली ‘हमसफर’. 2002 साली पुण्यात स्थापन झालेला न्यास ‘समपथिक’, म्हणजे हमसफरचेच संस्कृत रूप. दोस्त, सहप्रवासी, वाटसोबती. तिन्हींत प्रेमाचे अक्षर नाही, आणि त्याबद्दल आम्ही कुणाला बोल लावणार नाही. कलम 377 ची तलवार प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून हटली ती 6 सप्टेंबर 2018 रोजी. तोवर दारावर लावता येईल अशीच पाटी हवी होती. साहित्याला मात्र अशी सक्ती नव्हती. तरीही तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा ‘मित्रा’ होते आणि शीर्षक पाहणारा ती कुणा मित्राची गोष्ट समजतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (2006) तनय आपल्या प्रियकराशी अर्धी कादंबरी बोलतो, आणि त्या प्रियकराला नावच नाही. तो फक्त ‘तू’. ह्या ‘तू’इतका खरा शब्द आमच्या आधुनिक गद्यात दुसरा सापडला नाही, पण ‘तू’ समोरच्याला म्हणायचा. चारचौघांत सांगायचे कसे?

इथे कुणी म्हणेल, नवऱ्याचे नाव तरी मराठी बाईने कुठे घेतले? आमच्या आज्यांनी ‘हे’, ‘अहो’, ‘मालक’, ‘कारभारी’ एवढ्यावर आयुष्य काढले. खरे आहे. पण त्या ‘हे’मागे अख्खे गाव उभे होते. सर्वांना ठाऊक होते म्हणून नाव घेण्याची गरज नव्हती. आणि ते घ्यायचे झालेच, तर उंबरठ्यावर अडवून, उखाण्यात, सर्वांच्या साक्षीने घ्यायला लावीत. समलिंगी पुरुषाचा ‘मित्र’ नेमका उलटा आहे. कुणाला कळू नये म्हणून तो बोलला जातो. एका मौनात मिरवणे आहे, दुसऱ्यात लपणे. दोहोंना एकच मराठी संकोच मानणे हा लबाडपणा होय.

ह्या लपण्याची किंमत शब्दकोशात भरावी लागत नाही, मयताच्या घरी भरावी लागते. मित्राला सुतक नाही. वीस वर्षे एका घरात राहिलेल्या माणसाने दहाव्याला पाहुण्यांत बसायचे, आणि कपाटाची किल्ली पुतण्याकडे द्यायची.

तेव्हा शब्द घडवायची घाई असलेल्यांना आमची विनंती, की ‘समलिंगी सहचर’सारखी कच्ची मडकी आणखी भाजायला घेऊ नका. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने मडक्यांची परीक्षा केली म्हणतात. ह्या शब्दांचा आवाज पहिल्याच टिचकीला बद्द येतो. पक्के शब्द घरातच आहेत. ज्ञानदेवांच्या विराण्या आपण वर्गात शिकवतो. पुरुष कवी तिथे विरहिणी होऊन सख्याला आळवतो. ते रूपक आहे, आणि रूपकच राहू द्यावे. ज्ञानदेवांना कुठल्याही मोर्चात ओढण्याचे कारण नाही. पण सखा, जिवलग, साजण हे शब्द पुरुषाच्या लेखणीतून पुरुषाला उद्देशून मराठीत शतकानुशतके वावरले, एवढे तरी प्राध्यापकाने वर्गात सांगावे. ‘जीवाशिवाचे ऐक्य’ एवढे लिहून घेऊन तास संपवू नये. जिवलग हा शब्द मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलासाठीही असू शकतो.

नावांचे मोल निदान आमच्या जिल्ह्याला तरी शिकवायला नको. उस्मानाबाद की धाराशिव, ह्यावर आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. 2023 साली नाव बदलले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2020 च्या जानेवारीत इथेच 93 वे साहित्य संमेलन भरले. गावाच्या नावासाठी जीव टाकणाऱ्यांना माणसाच्या नात्याचे नाव क्षुल्लक का वाटावे?

सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. पुढच्या वर्षी केंद्र शासनाने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना संयुक्त बँकखाते उघडण्यास आणि एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून नोंदवण्यास आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही त्यांना एकाच घरातले धरावे. म्हणजे ‘नाते’ हा रकाना आता खरोखरच भरायचा आहे. तिथे ‘मित्र’ लिहिणाऱ्यांना आम्ही एक जुना शब्द सुचवतो. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असे म्हणताना आमचे आजोबा एकट्या आजीविषयी बोलत. त्या शब्दाचे व्याकरणातले लिंग कोणते, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. ‘आला’ की ‘आली’ ही पंचाईतही त्यात नाही. कुटुंब आलं, कुटुंब जेवलं, कुटुंब आजारी आहे, सही मीच करणार.