खांद्याची शीर आणि सोनोग्राफी



बैलाचा खांदा सुजला की आपण लगेच जू उतरवतो. स्वतःचा खांदा मात्र महिनोन्महिने तसाच दुखत ठेवतो.

१६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर दांडा मारणे, उसाची मोळी चढवणे, वैरणीचा भारा उचलणे, या सर्व कामांचा ताण खांद्यावर येतो. खांद्याचा सांधा चार स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. हे स्नायू ज्या चिवट पट्ट्यांनी हाडाला जोडलेले असतात, त्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात. आपण शीर म्हणतो. त्यातली वरची कंडरा बहुधा झिजते किंवा सुजते. मग हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही, केस विंचरणे जड जाते.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. ती सोनोग्राफीत दिसते. सोनोग्राफी म्हणजे फक्त गरोदर बाईची तपासणी, हा समज सोडावा. यात कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात. एक्स-रेसारखे किरण नसतात. सुई नाही, उपाशी राहणे नाही. खांद्यावर गार मलम लावून यंत्र फिरवतात आणि हात हलवायला सांगून कंडरा चालताना पाहतात. सुजलेली कंडरा जाड व काळसर दिसते. फाटली असेल तर खंड दिसतो. क्षाराची गाठ किंवा साचलेले पाणीही कळते.

मात्र दुखले की लगेच तपासणीवर पैसे घालवू नयेत. आधी डॉक्टरांनी हाताने तपासावे. बहुतेक दुखणी जड काम थांबवून आणि सांगितलेला व्यायाम नियमित करून काही आठवड्यांत उतरतात. तसे न झाल्यास सोनोग्राफी करावी. खांदा आखडला असेल तर निदान मुख्यतः हाताच्या तपासणीवरूनच होते. अशा वेळी साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेह्यांत हा त्रास अधिक आढळतो. उतारवयात न दुखणाऱ्या खांद्यातही कंडरा फाटलेली सापडते. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून शस्त्रक्रियेला घाबरून जाऊ नये. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. तेव्हा ‘सांध्यांची सोनोग्राफी करता का?’ असे आधी विचारावे.

दोन वेळा मात्र थांबू नये. पडल्यावर हात वर उचलेनासा झाला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. फाटलेली कंडरा उशिरा जोडणे अवघड जाते. आणि खांदेदुखीबरोबर छाती आवळली, घाम फुटला तर ते हृदयाचे असू शकते. तडक दवाखान्यात जावे.

झटका देऊन शीर बसवून घेऊ नये, डागही देऊ नये. पंपाची टाकी अर्धीच भरावी आणि मधूनमधून विसावा घ्यावा. फेरी एक वाढेल, पण खांदा टिकेल.