घास अडतो कुठे?

मॉन्स्टर फिशच्या धंद्यात दुकानदाराला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे ‘पिल्लू खात नाही’. ऑस्कर असो, अरोवाना असो की चन्ना, तक्रार हीच, आणि बहुतेक काउंटरवर तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: एक निळी बाटली, एक पिवळी बाटली आणि मूठभर जाडे मीठ. आमचे म्हणणे असे की ‘खात नाही’ हा आजार नव्हे, आणि लक्षण म्हणूनही ते फार ढोबळ आहे. शिकारी माशाचे खाणे डोळ्याला एकाच झटक्यात उरकलेले दिसते, पण त्याला टप्पे आहेत. भक्ष्य नजरेस पडते, मासा त्याकडे वळतो, झडप घालतो, तोंडात धरतो, गिळतो आणि मग गिळलेले अंगी लागते. घास यांतल्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडतो हे पाहिले की निम्मे निदान तिथेच होते. आणि हे पाहायचे ते पिल्लू थोडेफार खात असते तेव्हाच. त्याने तोंड पुरते मिटल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही.

या घाईला आणखी एक कारण आहे, आणि ते औषधशास्त्राचे आहे. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. त्यामुळे टँकमध्ये ओतलेले औषध त्वचेवर आणि कल्ल्यांवर काम करते, आतड्यात फारसे पोहोचत नाही. ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नच्या डोक्याला भोके पडण्याच्या तक्रारीत ज्याचे नाव नेहमी घेतले जाते त्या स्पायरोन्यूक्लियससारख्या आतड्यातल्या परजीवीवर मेट्रोनिडाझोल खाद्यातून दिले तर लागू पडते, पाण्यात टाकून त्या मानाने फार कमी. म्हणजे पिल्लू खायचे थांबले की औषधाची सर्वांत चांगली वाट बंद होते. ऑक्सिटेट्रासायक्लिनची पिवळी पुडी तर आपल्या भागात जवळपास वायाच जाते, कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला बांधून टाकतात. मनमाड-नांदगाव-येवला पट्ट्यातले बोअरचे पाणी बेसॉल्टच्या खडकातून येते. ते जड आणि अल्कधर्मी असते. कोकणात एखाद्याला गुण आला म्हणून इथे येईल असे धरून चालत नाही.

पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करू. पिल्लू भक्ष्याकडे बघतच नाही, कोपऱ्यात तळाशी बसते किंवा फिल्टरच्या धारेखाली तरंगते. अशा वेळी आधी संशय घ्यायचा तो पाण्याचा, आणि मनमाडमध्ये तर दुप्पट घ्यायचा. वाघदर्डी धरण आणि पालखेड कालव्याचे आवर्तन यांवर जगलेल्या या गावात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याची सवय पिढ्यांची आहे. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, हे चांगले. पण बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही उडतो आणि पीएच चढतो, याकडे कोणी पाहत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यांतले मुक्त रूप विषारी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, पीएच ८ ला पाच टक्के आणि ८.५ ला पंधरा टक्के. तापमान ३० वर गेले की ८.५ ला हा वाटा वीस टक्क्यांवर जातो. म्हणजे टेस्ट किटच्या नळीत दिसणारा तोच हिरवा रंग एका गावात किरकोळ असतो आणि एप्रिल-मेच्या मनमाडात जीवघेणा. किटचा आकडा पीएच आणि तापमानाशिवाय वाचणे व्यर्थ आहे.

याच आकड्यांतून पार्सल उघडण्याची आपली पद्धतही तपासून पाहायला हवी. मनमाड हे हावडा-मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन, आणि कोलकाता ही शोभिवंत माशांची देशातली मोठी पेठ. तिकडून थर्मोकोलच्या खोक्यात निघालेले पिल्लू दीड दिवस ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत असते. माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पिशवीत साठून पीएच उतरतो, आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. आता हिशेब करा. पिशवीत लिटरमागे ६ मिलिग्रॅम अमोनिया आणि पीएच ६.५ असेल, तर मुक्त अमोनिया ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास. नळीने थेंब थेंब टँकचे पाणी सोडत ते दुप्पट केले, पिशवी उघडी राहून वायू उडाला आणि पीएच ८ झाला, की अमोनिया निम्म्यावर येऊनही त्याचे मुक्त रूप ०.१६ वर जाते. पंधरा पट. ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा होऊ लागते असे मानतात. ज्या काळजीपोटी तासभर थेंब सोडले, ती काळजीच पिल्लाला भोवते. त्यानंतर ते दोन दिवस कोपऱ्यात बसते आणि आपण त्याला ‘प्रवासाचा ताण’ म्हणतो.

यावर आक्षेप येणार की सरळ टाकले तर पीएचचा धक्का बसेल. तो खोटा नाही, पण आपण त्याला नको इतके वजन दिले आहे. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, पिशवी उघडताच पिल्लू जाळीने उचलून स्वच्छ पाण्यात सोडावे आणि पिशवीचे पाणी फेकून द्यावे, हा दोहोंतला कमी धोक्याचा मार्ग आहे. मऊ पाण्यातून आलेल्या माशासाठी स्वागताचा टब वेगळा ठेवून त्यात आरओचे पाणी मिसळता येते. मनमाडमध्ये आरओच्या जारची गाडी गल्लीत येते, तेव्हा सबब चालणार नाही. हवाबंद पिशवीतून तीन-चार तासांत आणलेल्या माशाला हा हिशेब लागू नाही. तिथे थेंबपद्धत खुशाल वापरावी.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ‘पाणी बदला’ म्हणणे सोपे, पण ज्या घरात प्यायचे पाणी मोजून वापरतात तिथे निम्मा टँक कोण उपसणार? हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हसू नये, तो बरोबर आहे. पण त्याचे उत्तर औषधाच्या बाटलीत नाही. पाणी कमी असेल तर मासे कमी ठेवायचे आणि खाद्य कमी घालायचे, कारण अमोनिया खाद्यातल्या प्रथिनांतून येतो आणि शिकारी माशाचे खाद्य बहुतेक प्रथिनेच असते. जुन्या टँकमधला मुरलेला स्पंज नव्या टँकला द्यावा. मनी प्लांटची मुळे पाण्यात सोडली तर तीही नत्र ओढतात. चाचणी सकाळी उपाशीपोटी न करता खाद्य दिल्यानंतर काही तासांनी करावी, तेव्हाच अमोनियाचा कळस सापडतो. एवढे करूनही ज्याला पाणी पुरवता येणार नाही त्याला रेडटेल कॅटफिशचे पिल्लू विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आज बोटभर असले तरी मीटरभर वाढणारा मासा आहे.

चन्नाबाबत मात्र दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्या लागतात, कारण सध्या ईशान्येकडच्या बुटक्या चन्नांचे वेड जोरात आहे. हा मासा वातावरणातली हवा घेऊन श्वास घेतो. अमोनियाने कल्ले भाजलेला ऑस्कर पृष्ठभागावर धापा टाकून आपल्याला सावध करतो. चन्ना तशी खूण देत नाही, तो वर येऊन हवा घेऊन जातो आणि ते त्याचे नेहमीचेच वागणे असते. पण अमोनिया बाहेर टाकायला त्यालाही कल्लेच लागतात. म्हणून चन्ना ‘काटक’ आहे ही ख्याती निदानाच्या कामी घातक ठरते. दुसरी गोष्ट थंडीची. आसाम-अरुणाचलच्या पायथ्याच्या ओढ्यांतला चन्ना ब्लेहेरी किंवा आपल्या सह्याद्रीच्या ओहोळांतही सापडणारा चन्ना गाचुआ हिवाळ्यात मंदावतो, खाणे कमी करतो. आमच्या जिल्ह्यात निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमी होतो, आणि हीटर नसलेल्या खोलीत या माशाने डिसेंबरमध्ये तोंड फिरवले तर ते त्याच्या ऋतुचक्राला धरूनच आहे. अमेझॉनच्या अरोवानाने त्याच खोलीत तेच केले तर मात्र तो थंडीने आजारी पडण्याच्या वाटेवर आहे. लक्षण एकच, पण एकाला शांत राहू द्यायचे आणि दुसऱ्याला हीटर लावायचा.

भक्ष्याकडे वळतो, मागे मागे जातो, पण झडप घालत नाही, असे दिसले तर बहुधा भीती किंवा भाऊबंदकी. इथे मत्स्यशेतीचा अनुभव शोभिवंत माशांच्या व्यापाऱ्याने उसना घ्यावा. रायगडकरांच्या ताटातला जिताडा म्हणजे लॅटिस कॅल्करिफर, चेन्नईच्या सीबा संस्थेने त्याचे कृत्रिम प्रजनन १९९७ मध्ये साधले. या माशाचे पिल्लू आपल्या लांबीच्या साठ टक्क्यांहून मोठ्या भावंडालाही गिळू शकते, म्हणून हॅचरीत त्यांची आकारानुसार प्रतवारी पुन्हा पुन्हा करतात. आपण मात्र एकाच टँकमध्ये दहा ऑस्कर सोडतो, दोन फुगतात, तीन खंगतात, आणि त्या तिघांना जंताचे औषध देतो. खंगलेले पिल्लू एकटे ठेवून, कडेला आडोसा देऊन, दोन-तीन दिवसांत खाऊ लागले तर ते आजारी नव्हतेच. एवढा स्वस्त प्रयोग औषधाआधी व्हायलाच हवा. अगदी लहान सिल्व्हर अरोवानाच्या पोटाला पिवळी पिशवी असेल तर त्याने न खाणे हेच योग्य. पिशवी शोषली जाईपर्यंत त्याला कोणी काही भरवू नये.

घास घेतो आणि थुंकतो, हे दृश्य वेगळेच सांगते. भूक आहे, नजर आहे, तोंडात किंवा कल्ल्यात दुखते आहे. झाकणावर आपटून सुजलेला जबडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ओठांवरचा कापसासारखा पांढरा थर बुरशी समजून निळ्या औषधाने धुतला जातो, पण तो बहुधा फ्लेव्होबॅक्टेरियम या जिवाणूचा असतो आणि उन्हाळ्याच्या गरम पाण्यात एक-दोन दिवसांत मासा संपवतो. दोन्ही निरोगी दिसले तर कल्ल्यातल्या कृमींचा संशय घ्यावा, विशेषतः मासा एकच कल्ला हलवत असेल किंवा दगडाला अंग घासत असेल तर. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल चालते, मीठ पुरत नाही. झडप घालतो पण नेम चुकतो, अंग वाकडे करून पोहतो, अशा पिल्लाला महिनोन् महिने काय खाऊ घातले हे विचारावे. गोल्डफिशच्या मांसात थायमिनेज हे विकर असते, ते थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व तोडते. फक्त गोल्डफिशवर पोसलेल्या शिकारी माशाच्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो आणि तिथे कोणतेही जंतुनाशक कामाचे नाही.

उरला शेवटचा टप्पा: खातो, गिळतो, तरी डोके मोठे आणि पाठ सुरीसारखी. इथे आतड्यातल्या परजीवींचा संशय रास्त आहे, पण ‘पांढरी विष्ठा दिसली’ एवढा पुरावा पुरेसा नाही. उपाशी माशाच्या आतड्यातून नुसता श्लेष्मा बाहेर पडतो, तोही पांढरा धागाच दिसतो. पोट भरलेल्या माशाची विष्ठा सतत पांढरी असेल तरच ती खूण धरावी. गुदद्वारातून लाल केसांसारखे धागे लोंबत असतील तर तो कॅमॅलॅनस, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच जिवंत गप्पी-मोलींतून आलेला असतो. गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारे लेव्हॅमिसोल त्याच्यावर काम करते, मात्रा पशुवैद्यकाला विचारून घ्यावी. ‘लाइव्ह फीडशिवाय हे पिल्लू तोंडच लावत नाही’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे, पण पहिल्या दोन आठवड्यांपुरताच. त्यासाठीचे फीडर तरी वेगळ्या टँकमध्ये महिनाभर ठेवलेले असावेत, आणि त्या काळात पिल्लाला कोळंबीच्या तुकड्याची, मग पेलेटची गोडी लावावी. गिऱ्हाइकाला थरार दाखवण्यासाठी सहा महिने जिवंत मासे टाकत राहणे हा खाद्याचा प्रश्न नाही, करमणुकीचा आहे.

‘एवढे निदान करायला प्रयोगशाळा कुठे आहे?’ असे कोणी म्हणेल. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक शंभरपट मोठे दाखवतो, आणि कल्ल्यातल्या कृमी व व्हाइट स्पॉट ओळखायला तो पुरतो. मासा मेल्यावर तासाभरात पाहावे, नंतर परजीवी सोडून जातात. त्यापुढचे काम मुंबईच्या वर्सोव्याची सीआयएफई आणि रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथली मत्स्य महाविद्यालये यांचे आहे. मेलेला मासा डीप फ्रीझरमध्ये गोठवून त्यांच्याकडे नेऊ नये, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

आमच्या व्यापारी वाचकांना एकच विनंती. कोणतेही शिकारी पिल्लू पिशवीत बांधण्याआधी गिऱ्हाइकासमोर त्याला खायला घाला. ते बघते का, वळते का, घेते का, गिळते का, हे दोघांनी मिळून पाहा आणि काय खाल्ले ते, पीएच आणि तापमानासह, बिलाच्या पाठीवर लिहून द्या. जे पिल्लू तुमच्या टँकमध्ये खात नाही, ते विकू नका.