ऑपरेशन दोन तासांचे, मेहनत तीन महिन्यांची

गेल्या महिन्यात एक मावशी मुलगा आणि सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. वय पासष्टच्या आसपास. चार महिन्यांपूर्वी मोठ्या शहरात जाऊन त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला होता. मावशी लंगडत आत आल्या आणि खुर्चीवर बसताना उजवा पाय पुढे लांब काढून बसल्या. मुलगा अगदी काकुळतीला आला होता. "डॉक्टर, एक एकर जमीन विकून आईचा गुडघा केला. आता तो नीट वाकतही नाही आणि पुरता सरळही होत नाही. सांधा चुकीचा बसवला का हो?"

एक्स-रे पाहिला. सांधा अगदी जागच्या जागी होता, जखमही छान भरली होती. मग मी विचारले, "घरी गेल्यावर व्यायाम काय काय केले?" त्यावर सूनबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "व्यायाम कुठला! आम्ही त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. कॉटवरच सगळं हातात दिलं. दुखू नये म्हणून गुडघ्याखाली कायम मऊ उशी ठेवली."

वाचकहो, त्या उशीनेच घात केला. सुनेच्या मायेबद्दल शंका नाही. अशी सेवा करणारी सून मिळायला भाग्य लागते. पण गुडघा बदलल्यानंतर ज्याला आपण सेवा म्हणतो, ती पुष्कळदा गुडघ्याची शत्रू ठरते.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोचले ते अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर गेल्या पंचवीस वर्षांत ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावापर्यंत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. ते योग्यच झाले. परंतु धातूची किंमत ठरली, सर्जनची फी ठरते, खोलीचे भाडे ठरते. त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या मेहनतीचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. निम्मे काम तर तिथेच असते.

या शस्त्रक्रियेत झिजलेल्या हाडांची टोके कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मधे चिवट प्लॅस्टिकची चकती ठेवतात. हे काम साधारण दीड-दोन तासांत होते. हाड नवे झाले, पण मांडीचे स्नायू तेच जुने, वर्षानुवर्षे दुखण्यामुळे वापर नसलेले. शिवाय सांध्याभोवती आतून जखम भरत असते. जखम भरताना तिथे व्रणाच्या ऊतीचे जाळे तयार होते. पहिल्या काही आठवड्यांत हे जाळे मऊ असते, हालचाल केली की ते ताणले जाते. हालचाल केली नाही तर ते ओल्या सिमेंटसारखे आहे त्या स्थितीत घट्ट होते.

उशीचा संबंध इथे येतो. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरे वाटते, कारण त्या स्थितीत आतल्या पाण्याला जागा जास्त मिळते. म्हणून रुग्ण उशी मागतो आणि घरचे देतात. महिनाभरात गुडघा तसाच वाकडा धरतो. गुडघा किती वाकला याकडे सर्वांचे लक्ष असते, पण तो पूर्ण सरळ होणे तेवढेच महत्त्वाचे आहे. गुडघा सरळ झाला नाही तर पाय आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतो आणि कंबर धरते. म्हणून उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, गुडघ्याखाली नव्हे.

वाकण्याचाही हिशेब आहे. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६५ अंश वाक पुरतो. जिना चढायला ८५ ते ९० अंश लागतात, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. दोन आठवड्यांत ९० अंश आणि तीन महिन्यांत ११० ते १२० अंश हे बहुतेकांना साधणारे उद्दिष्ट आहे. मावशींचा गुडघा चार महिन्यांनंतर ६५ अंशांवर अडला होता.

व्यायाम अवघड नाहीत. पावले वर-खाली हलवणे, हे दर तासाला. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा गादीकडे दाबून पाच आकडे मोजायचे. टाच गादीवरून सरकवत आपल्याकडे आणायची. कॉटच्या कडेला बसून पाय सोडायचा आणि दुसऱ्या पायाने त्याला हलकेच मागे रेटायचे. हे सारे दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे. शिवाय वॉकर घेऊन चालणे, तेही ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासूनच. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एवढे लक्षात ठेवावे.

दुखते का? दुखते. खोटे कशाला सांगू? पहिले दोन-तीन आठवडे चांगलेच दुखते, रात्री झोप मोडते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यावी. व्यायामानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. ताणल्याचे दुखणे थोड्या वेळाने शमते, त्याला भिऊ नये. दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. कोणाकडून तेल लावून पाय रगडून घेणे किंवा ओढून घेणे हा प्रकार कटाक्षाने टाळावा.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, तर लगेच सर्जनला कळवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. पोटरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. मधुमेह असेल त्यांनी साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे. याउलट व्रणाच्या बाजूची कातडी बधिर वाटणे, गुडघा काही महिने कोमट लागणे, चालताना टिक टिक आवाज येणे, यांत सहसा घाबरण्यासारखे काही नसते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, नुसत्या घरच्यांना दोष देऊन भागणार नाही. मावशींचे डिस्चार्ज कार्ड मी पाहिले. त्यावर औषधांच्या नऊ ओळी होत्या आणि शेवटी एक ओळ होती, "व्यायाम करावा." कोणता, किती, कसा? काही नाही. जो रुग्ण दीडशे किलोमीटरवरून एस.टी.ने येतो, ज्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही, त्याने या एका ओळीचे काय करायचे? पॅकेजमध्ये नाश्ता धरतात, तसे तीन महिन्यांचे व्यायामाचे मार्गदर्शनही धरले पाहिजे. घरच्या एका माणसाला रुग्णालयातच व्यायाम शिकवून, त्याच्याकडून करून घेऊन मगच रुग्णाला घरी सोडावे. आठवड्यातून एकदा फोन करून "किती वाकतो, सरळ होतो का" एवढे विचारायला असा किती खर्च येणार?

आणि आपणही तारीख ठरवण्याआधी चार गोष्टी ठरवाव्यात. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधी आणावी, कारण उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालणे पुढे टाळावेच लागते. जवळचा फिजिओथेरपिस्ट शोधून ठेवावा. व्यायाम करून घेणारा माणूस घरातला कोण, हे नक्की करावे. सुगीच्या तोंडावर ऑपरेशन करू नये, कारण सगळे शेतात आणि म्हातारी एकटी कॉटवर, असे होते.

मावशींचे पुढे काय? गुडघा अडला तर भूल देऊन तो वाकवता येतो, पण त्याचा चांगला उपयोग पहिल्या तीन महिन्यांत होतो. ती वेळ टळली होती. सर्जनशी बोलून आम्ही रोजचा व्यायाम सुरू केला. सूनबाईंनीच तो शिकून घेतला. ज्या हातांनी उशी ठेवली त्याच हातांनी आता त्या मावशींची टाच धरून आकडे मोजतात. महिन्याभरात गुडघा ७५ अंशांवर आला आहे. आणखी किती येईल, हे आज सांगता येणार नाही. पण गेल्या शुक्रवारी मावशी वॉकर न घेता, नुसत्या काठीवर दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढून आल्या.

तुमच्या घरात कोणाचा गुडघा बदलला असेल तर आज एवढेच करा. गुडघ्याखालची उशी काढा, हात पुढे करा आणि म्हणा, "आई, उठ. दारापर्यंत जाऊन येऊ."