मतपेटीकडे पाठ फिरवणे कोणाला परवडते?

परवा बार रूममध्ये चहा घेताना आमच्या एका ज्युनिअर वकिलाने सांगितले की त्याने मतदार यादीत नावच नोंदवलेले नाही. पोरगा आपल्याच वस्तीतला, शिष्यवृत्तीवर शिकलेला, हुशार. आळस म्हणावा तर तसेही नाही. तो अमेरिकेतील लिबर्टेरियन मंडळींचे वाचतो. मत देणे म्हणजे सरकार नावाच्या सक्तीला आपण होऊन संमती देणे, असे त्याचे म्हणणे. हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. ‘सगळे पक्ष सारखेच, मत देऊन काय होते’ असे म्हणणारे तरुण आपल्याही वस्त्यांत भेटतात. म्हणून हा वाद जिथला आहे तिथे तो आधी तपासून पाहू.

लिबर्टेरियन म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता सर्वांत वर मानून सरकारला शक्य तितके लहान करू पाहणारे लोक. १९७१ साली त्यांच्यातील काहींनी अमेरिकेत पक्ष काढला. २०१६ मध्ये त्यांचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मते पडली, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी अधिक. पदरात एकही निर्वाचक पडला नाही. २०२४ मध्ये तर पक्ष अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला. विखुरलेल्या मतांचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरा गट म्हणतो, पक्ष काढणे हीच मुळात चूक. सॅम्युअल कॉन्किन यांनी १९८० च्या आपल्या जाहीरनाम्यात सरकारच्या नजरेआड व्यापार वाढवून सरकारला उपाशी मारण्याचा मार्ग सांगितला. १९८२ पासून कार्ल वॉटनर, वेंडी मॅकएलरॉय, जॉर्ज स्मिथ यांनी बंदूकही नाकारली आणि मतपत्रिकाही. हे लोक आपला वारसा विल्यम लॉइड गॅरिसनपर्यंत नेतात. गुलामगिरीचा हा कट्टर शत्रू मत देत नसे. ४ जुलै १८५४ रोजी त्याने भर सभेत अमेरिकेची राज्यघटना जाळली, कारण ती गुलामांच्या मालकांशी केलेला करार आहे असे तो मानत होता.

पण गॅरिसनबरोबर कित्येक वर्षे चाललेला फ्रेडरिक डग्लस १८५१ मध्ये त्याच्यापासून वेगळा झाला. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला. ही घटना गुलामगिरीविरुद्ध वाचता येते आणि राजकारणाचे हत्यार वापरलेच पाहिजे, असे तो म्हणू लागला. गॅरिसन प्रामाणिक होता, तुरुंगात गेला, जमावाचा मार त्याने सोसला. तरीही त्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ ठेवायची होती आणि डग्लसला बेड्या तोडायच्या होत्या. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. ती दुरुस्ती मंजूर करायला निवडून आलेली माणसेच लागली. त्या लढ्याची दखल घेऊन जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

लिबर्टेरियनांचा आणखी एक पूर्वज लायसँडर स्पूनर, हा वकील. मत दिले म्हणजे संमती दिली, हे त्याला मान्य नव्हते. दुसऱ्यांची मते जर माझ्यावर राज्य करणारच असतील, तर मी स्वसंरक्षणासाठी मत वापरतो. त्यातून संमती सिद्ध होत नाही, असा त्याचा युक्तिवाद. आमच्या ज्युनिअरला मी एवढेच म्हणालो, तुझ्याच पूर्वजाने तुझा मुद्दा खोडून ठेवला आहे.

ताजे उदाहरण तर फारच बोलके आहे. रॉस उलब्रिक्टने कॉन्किनच्या विचारांवर भिस्त ठेवून २०११ मध्ये ‘सिल्क रोड’ हा इंटरनेटवरचा चोरटा बाजार उभारला. त्यात अमली पदार्थ सर्रास विकले जात. २०१३ मध्ये त्याला अटक झाली, २०१५ मध्ये जन्मठेप. राजकारणाबाहेरच्या या वीराची सुटका कशी झाली? मे २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात मते मागायला गेले, तिथे त्यांची हुर्योही उडवली गेली, पण उलब्रिक्टला सोडण्याचे आश्वासन ते देऊन आले. २१ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी त्याला माफी दिली. त्या माणसाला माफी मिळावी की नाही हा वेगळा वाद. पण तुरुंगाचे दार मतांच्या सौद्याने उघडले, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करावे.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. सरकार तेवढे सक्ती करते आणि समाजात सारे स्वेच्छेने चालते, असे ही मंडळी धरून चालतात. गावाने बहिष्कार टाकला तेव्हा कोणी हात उचललेला नसतो. दुकानदार फक्त मीठ विकत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, पाटील कामावर बोलावत नाही. यांच्या हिशेबी तो ज्याचा त्याचा हक्क! १९६४ चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिले. खासगी हॉटेलमालकाला आणि नोकरी देणाऱ्याला सरकारने सक्ती करू नये, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या घटनेने कलम १५ मध्ये दुकाने आणि हॉटेले नावानिशी घातली, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. हे विधिमंडळातून आले, बाजारातून आलेले नाही.

मग रस्ता सोडून फक्त मतपेटी धरायची काय? महाडकडे पाहा. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही पुढच्या वर्षी केला, आणि तळे होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब माणसे घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ठरावात जीव आला. त्यानंतरचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूने लागला. ठराव, पाऊल आणि खटला, तिन्ही लागले. त्याच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला होता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी बजावले, सनदशीर मार्ग बंद होते तोवर इतर मार्गांचे समर्थन होते. ते खुले झाल्यावर उरत नाही.

लिबर्टेरियनांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार पक्ष नोंदवताना समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे समाजवाद न मानणाऱ्याने खोटे लिहून द्यावे किंवा पक्ष नोंदवू नये. ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये राज्य समाजवाद मांडणाऱ्या बाबासाहेबांनीच १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांची ‘समाजवादी’ शब्दाची दुरुस्ती नाकारली होती, कारण समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे. ज्याला मतपेटीकडे बोलवायचे त्याच्या तोंडावर दार लावू नये.

हे सगळे ज्युनिअरला सांगून झाले. त्याला पटले असे म्हणणार नाही; स्पूनर मात्र पुन्हा वाचतो म्हणाला. फॉर्म नंबर ६ मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो आहे.