घर भाड्याचं, पण फ्रीज तुमचाच

६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्याच्या मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं, त्याची दंगल झाली आणि पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. त्याआधी २००८ साली धुळंच, मे १९७० मध्ये जळगाव. धरणगाव तालुक्यातल्या पाळधीत तर ३१ डिसेंबर २०२४च्या रात्री दुकानं पेटली. इतकं होऊनही मोहल्ल्यात विम्याचा विषय काढा, दोनच उत्तरं मिळतात: ‘विमा हराम आहे’ आणि ‘घर भाड्याचं, विमा कसला?’

पहिल्याचा निकाल उलेमांनीच लावलाय. इस्लामिक फिकह अकॅडमीने १९९२ सालीच देशातल्या दंगली पाहून जीवित आणि मालमत्तेच्या विम्याला मुभा दिली. तुमच्या मशिदीत हे कधी ऐकलंत?

दुसरं उत्तर निव्वळ अज्ञान आहे. घरमालकाने विमा काढलाच असेल, तर तो त्याच्या भिंतींचा. तुमचा फ्रीज, पलंग, भांडी त्यात नाहीत. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे. भाडेकरू तीत फक्त घरसामानाचा विमा घेऊ शकतो. आग, पूर, दंगल हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. दंगलीचे वेगळे पैसे मागणाऱ्या एजंटला म्हणावं, कलम दाखव.

एजंट सांगत नाही ते मात्र नीट ऐका. नुसती घरफोडी झाली तर यातून काही मिळत नाही. आग किंवा दंगलीमुळे, त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. दागिन्यांचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. रोकड, गाडी, कागदपत्रं यांना भरपाई नाही. (उठता-बसता ज्याच्याकडे कागद मागितला जातो, त्याने हे वाक्य दोनदा वाचावं.) घरात शिलाईचा धंदा असेल तर ती मशीन, ते कापड घरसामानात धरून चालू नका, त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. आणि सरकारी आदेशाने घर पाडलं, तर दंगलीच्या कलमातून दमडी मिळत नाही. बुलडोझरपुढे पॉलिसी नाही, कोर्टच उपयोगी. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ला पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, तो निकाल जवळ ठेवा.

म्हणून काय, सरकारची जबाबदारी संपली? मुळीच नाही. नुकसानभरपाई मागायचीच, आणि पंचनाम्यात मालकाच्या नावाखाली भाडेकरूचं नाव व सामान वेगळं लिहून घ्यायचं. पण त्यासाठी भाडेकरार हवा, बिलं हवीत. त्यांचे फोटो आजच काढून ईमेलवर टाका. कपाटातली बिलं कपाटाबरोबरच जळतात.