डोळ्यांसाठी तीन ब्रश पुरे, पण ज्याचे त्याचे



दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईने डोळ्यांच्या मेकअपवर का लिहावं, असं कुणी विचारेल. पण इथे बे एरियात आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात गेली सहा वर्षं रंगपटात मुलांना रंगवायचं काम माझ्याकडे आहे. दर वर्षी दोन टोकं दिसतात. एखादी आई चोवीस ब्रशांचा संच घेऊन येते, त्यातल्या वीसांना रंगही लागलेला नसतो. आणि शेजारच्या टेबलावर आयलायनरचा एकच ब्रश पंधरा पोरांच्या डोळ्यांवरून फिरत असतो. माझं स्पष्ट मत असं, की तीन ब्रश पुरतात, पण ते ज्याचे त्याचे हवेत.

तीन कोणते?

पहिला चपटा आणि दाट केसांचा. याने पापणीवर रंग बसवायचा. घासायचा नाही, थापायचा. घासला तर अर्धा रंग गालावर पडतो. रुंदीला पापणीच्या निम्म्याहून मोठा नको, मुलांसाठी त्याहून लहान.

दुसरा फुगीर, सैल केसांचा, टोकाला घुमटासारखा. तिघांत हाच महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच घेत नाहीत. पापणीच्या वरच्या घडीत गाडीच्या वायपरसारखा इकडून तिकडे फिरवला की दोन रंगांमधली रेघ विरून जाते. दांडा मागच्या टोकाला धरा, म्हणजे हाताचा जोर आपोआप कमी होतो. रंग थोडाच घ्या आणि लावण्याआधी झटका. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला इथले 'स्किन कलर' म्हणून मिळणारे फिकट गुलाबी रंग राखेसारखे दिसतात. त्यापेक्षा चेहऱ्याहून एक-दोन छटा गडद तपकिरी घ्या.

तिसरा तिरपा कापलेला, पातळ आणि कडक. जेल लायनरची रेघ एका दमात ओढायच्या फंदात पडू नका. बाहेरच्या कोपऱ्यापासून छोटे छोटे तुकडे काढा आणि जोडा. हाच ब्रश भुवयांनाही चालतो. रेघ मात्र पापणीच्या केसांच्या बाहेरून काढायची. आतल्या ओल्या कडेवर तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की डोळा चुरचुरतो.

आता किंमतीचं. नैसर्गिक केसांवर खवले असतात, त्यामुळे पावडर चांगली धरली जाते. सिंथेटिक केस गुळगुळीत असतात, ते क्रीम आणि जेल शोषून घेत नाहीत आणि धुवायला सोपे. जपानमध्ये हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं गावच ब्रश बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०११ साली महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकलेल्या जपानी संघाला सरकारने सन्मानासोबत तिथलेच मेकअप ब्रश भेट दिले होते. तिथे केसांची टोकं कापत नाहीत, साच्यात जुळवून आकार देतात, म्हणून ते ब्रश टोचत नाहीत. कला म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण वर्षातून चार कार्यक्रम असणाऱ्या घराला औषधाच्या दुकानातले साधे सिंथेटिक ब्रश पुरतात. घेताना हाताच्या पाठीवर दाबून बघा. केस टोचायला नकोत, गळायला नकोत, आणि सोडल्यावर मूळ आकारात यायला हवेत. झालं.

ब्रशची किंमत कितीही असो, तो धुतला नाही तर सगळं व्यर्थ. दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवा, असा इथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. कोमट पाणी, बेबी शॅम्पू, आणि केसांची टोकं खालच्या बाजूला. पाणी धातूच्या पट्टीत शिरलं की आतला गोंद सुटतो. मग टॉवेलवर आडवा वाळवा, कपात उभा नको.

आता मूळ मुद्दा. कॅलिफोर्नियातल्या पार्लरना नियम आहे, की डबीतलं प्रसाधन गिऱ्हाइकासाठी काढताना उरलेलं दूषित होता कामा नये. म्हणजे पैसे घेऊन करणाऱ्यांवर बंधन, आणि आपण मात्र प्रेमापोटी सर्रास करतो! एका मुलाला डोळे आलेले असले किंवा रांजणवाडी असली, तर तोच ब्रश पुढच्या चौदा जणांकडे जातो. अमेरिकेच्या एफडीएनेही डोळ्यांची प्रसाधनं दुसऱ्यांबरोबर वाटून वापरू नका असंच सांगितलंय.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "आमची आजी एकाच डबीतून सगळ्यांना काजळ घालायची, काय झालं?" आजीबद्दल पूर्ण आदर आहे. पण आजीची पोरं एका घरातली होती. इथे पंधरा घरांतली, आठ शाळांतली मुलं एका खोलीत असतात. शिवाय काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं म्हणून एफडीएचा इशारा आहे, आणि प्रसाधनातला रंग म्हणून कोहलला इथे मान्यताच नाही. तेव्हा भारतातून येताना घटकांची यादी नसलेली डबी आणू नका, लहान मुलांसाठी तर मुळीच नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. पडदा उघडायला वीस मिनिटं असताना कोण ब्रश धुणार? खरं आहे, म्हणूनच धुण्यावर अवलंबून राहू नये. नोंदणीच्या फॉर्मवर घुंगरू आणि ओढणीच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: 'नाव लिहिलेल्या पिशवीत स्वतःचे तीन ब्रश आणि लायनर.' मस्कारा हवाच असेल तर तोही स्वतःचा, आणि तीनेक महिने झाले की टाकून द्या. ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी मंडळाने वापरून फेकायचे ब्रश ठेवावेत. पावडर सुरीने खरवडून बशीत काढावी, डबीत ब्रश बुडवू नये. हारतुऱ्यांच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि ज्याचे डोळे लाल आहेत, त्याला सरळ बिनमेकअपचं नाचू द्या. पाचव्या रांगेतून लायनर दिसत नाही, हसू दिसतं :-)

तुमच्या गावच्या मंडळात काय पद्धत आहे? एखाद्या ठिकाणी याहून सोपी व्यवस्था चालत असेल तर जरूर कळवा, आम्ही उचलू.

चू. भू. द्या. घ्या.