विश्लेषण : सुरुवात दहापैकी सहा वेळा फसते, तरीही जगज्जेता कसा? पोकेमॉन कार्ड स्पर्धेतल्या ‘बेभरवशाच्या’ डेकचे गणित

ऑगस्ट २०२४ मध्ये होनोलुलूत पोकेमॉन कार्ड गेमची जागतिक स्पर्धा झाली. विजेता ठरला चिलीचा १८ वर्षांचा फर्नांडो सिफुएन्तेस. बक्षीस होते ५० हजार डॉलर. मायदेशी परतल्यावर राष्ट्राध्यक्ष गॅब्रिएल बोरिक यांनी त्याला ला मोनेडा या अध्यक्षीय प्रासादात बोलावून त्याचे कौतुक केले. बातमी इतपत अनेकांनी वाचली असेल. तो ज्या डेकवर जिंकला, ती गोष्ट त्याहून रंजक आहे. ६० पत्त्यांत पोकेमॉन फक्त चार, आणि तेही चारही एकच : ‘आयर्न थॉर्न्स ईएक्स’. असा डेक घेऊन एखाद्या नवख्याने मित्रांत खेळायला बसावे, तर पहिल्याच डावात त्याची चेष्टा होईल.

बेभरवसा नेमका कुठे?

रम्मी किंवा मेंढीकोटात वाट्याला येतील ती पाने घेऊन खेळायचे असते. इथे ६० पत्त्यांचा डेक खेळाडू स्वतः बांधून आणतो. मूलभूत एनर्जी कार्डे सोडली तर एका नावाचे कार्ड जास्तीत जास्त चार वेळा ठेवता येते. मोठ्या स्पर्धेत डेकची यादी आधीच द्यावी लागते. त्यानंतर अखेरच्या फेरीपर्यंत एकही पत्ता बदलता येत नाही.

डावाच्या सुरुवातीला सात पत्ते हाती येतात. त्यांत किमान एक ‘बेसिक’ पोकेमॉन हवाच. नसेल तर हात प्रतिस्पर्ध्याला उघडा करून दाखवायचा, डेक पुन्हा पिसायचा आणि नवे सात पत्ते घ्यायचे. याला मलिगन म्हणतात. प्रत्येक मलिगनमागे प्रतिस्पर्ध्याला एक पत्ता जादा घेता येतो.

आता ६० पत्त्यांत बेसिक पोकेमॉन चारच असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातला एकही नसण्याची शक्यता ६० टक्के निघते. सरासरी प्रत्येक डावात दीड मलिगन. साधारण पाचातल्या एका डावात तर समोरच्याला तीन किंवा अधिक पत्ते फुकट मिळतात. वर आपला हात आधीच उघडा पडलेला!

मग आणखी पोकेमॉन का नाही घातले?

कुणालाही सुचणारा उपाय हाच. समजा चार दुसरे बेसिक पोकेमॉन घातले, एकूण आठ झाले. मलिगनची शक्यता ६० वरून ३५ टक्क्यांवर येते. दुरुस्ती झाली असे वाटते. पण मग जे डाव सुरू होतील, त्यांतल्या ३९ टक्के डावांत सुरुवातीच्या हातात आयर्न थॉर्न्स नसेलच. दुसराच कुणीतरी पुढे उभा करावा लागेल.

आणि या डेकचे सगळे बळ आयर्न थॉर्न्स पुढे असण्यातच आहे. तो पुढच्या, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ जागी असेपर्यंत ‘रूल बॉक्स’ असलेल्या सर्व पोकेमॉनची ॲबिलिटी बंद पडते. अपवाद फक्त त्याच्यासारख्या ‘फ्यूचर’ गटातल्या पोकेमॉनचा. बलाढ्य डेक याच ॲबिलिटींवर चालतात. कुणी त्यातून जादा पत्ते ओढतो, कुणी एनर्जी जोडतो. चारिझार्ड ईएक्स मैदानात येताच डेकमधून तीन एनर्जी आणतो, ती सोयही थांबते. अशा डेकला पहिल्या चालीपासून अडवायचे, तर आयर्न थॉर्न्स पहिल्या चालीपासून पुढे हवा. पोकेमॉन तेवढाच असेल तर मलिगन कितीही होवोत, शेवटी उभा राहणार तोच. शंभरातल्या शंभर डावांत.

म्हणजे डोळ्यांत भरणारा बेभरवसा ही इथे मोजलेली किंमत आहे. ती देऊन खात्री विकत घेतली आहे. शिवाय समोरच्याला जादा मिळणाऱ्या पत्त्यांत बरेचसे असे पोकेमॉन असतात, ज्यांची ॲबिलिटी आता चालत नाही. त्याचा हात भरतो, पण त्यातले सगळे कामाला येत नाही.

छापा-काट्याचे काय?

याच डेकमध्ये ‘क्रशिंग हॅमर’ नावाचे कार्ड होते. नाणे उडवायचे. छापा पडला तर प्रतिस्पर्ध्याच्या पोकेमॉनची एक एनर्जी काढून टाकता येते, काटा पडला तर काहीच नाही. चार हॅमर खेळले तर सरासरी दोन लागतात. चारही फुकट जाण्याची शक्यता १६ पैकी एक. ती ऐकायला किरकोळ वाटते. पण १८ डाव खेळले आणि प्रत्येकात चारही हॅमर वापरले, तर कुठल्या तरी एका डावात हे घडण्याची शक्यता ६९ टक्के होते. असा डेक निवडणाऱ्याने नाण्यावर चिडून उपयोग नाही. तो डाव येणार हे घरून निघतानाच माहीत असायला हवे.

हल्ल्यातही हा पोकेमॉन काही तुफान नाही. त्याचा मूळ हल्ला १४० चा आणि चारिझार्ड ईएक्सची सहनशक्ती ३३०. म्हणजे तीन घाव हवेत. डाव लांबतो आणि घड्याळ चालू असते. साखळी फेऱ्यांत विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एकच, त्यामुळे संथ खेळणाऱ्याला तीही धास्ती.

नशिबाचा एक तुकडा तर कुठल्याच गणितात बसत नाही. उपांत्य फेरीतला सिफुएन्तेसचा प्रतिस्पर्धी गैरवर्तनामुळे अपात्र ठरला आणि त्याला अंतिम सामना मिळाला. विजय त्याने कष्टाने मिळवला हे खरे, पण ही नोंद वगळून त्याची गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

मग असा डेक केव्हा न्यावा?

सामने सहसा तीनपैकी दोन डाव जिंकण्याचे असतात. ही रचना वरचढ बाजूला आणखी वर नेते आणि दुबळ्या बाजूला खाली ओढते. एका डावात ७० टक्के संधी असेल तर सामन्यात ती ७८ होते. ४० टक्के असेल तर ३५ वर घसरते.

उदाहरणादाखल दोन डेक घेऊ. पहिला सर्वांविरुद्ध ५५ टक्के जिंकतो. दुसरा काहींविरुद्ध ७० आणि काहींविरुद्ध ४०. समोर दोन्ही प्रकारचे प्रतिस्पर्धी निम्मे-निम्मे असतील तर सामन्यांत दोघांची कामगिरी ५७ टक्क्यांच्या आसपास राहते. भरवशाचा डेक किंचित सरस. पण सोयीचे प्रतिस्पर्धी ६० टक्के झाले की दुसरा डेक ६१ टक्क्यांवर जातो. म्हणजे निर्णय आपल्या डेककडे पाहून होत नाही, सभागृहात बाकीचे काय घेऊन येणार या अंदाजावर होतो. ॲबिलिटीवर विसंबणारे डेक भरपूर असतील तर आयर्न थॉर्न्सला मोकळे रान. ते कमी असतील तर मलिगनची किंमत मोजून हाती फारसे काही उरत नाही.

विजेत्या डेकची यादी आज फोनवर सहज सापडते आणि कार्डे जमवली की तो जसाच्या तसा बांधताही येतो. मात्र ती यादी प्रतिस्पर्ध्यांनीही वाचलेली असते. होनोलुलूत हा डेक फार कमी जणांच्या हिशेबात होता. पुढच्या रविवारच्या स्पर्धेत समोर बसलेला खेळाडू त्याच्यासाठी दोन पत्ते राखूनच येईल.